तोंड पोरांकडे

"तुमच्या लोकांना पंगतीत बसायची भारी हौस, नाही का हो बाई?"

साहेब असं बोलला आणि हसला. शाळा तपासायला आलेला साहेब. अंगात इस्त्रीचा कोट. पायातले बूट न काढता तो वर्गात शिरला होता. पोरींनी सकाळीच सारवलेल्या जमिनीवर त्याच्या टाचांचे ठसे उठले. मागे आमचे मोठे गुरुजी उभे. तेही हसले. साहेब हसला की आपण हसायचं, एवढीच त्यांची हेडमास्तरकी.

माझ्या वर्गातली पोरं तेव्हा ओळीत नव्हती. अर्धगोल करून बसली होती. पाटलाचा पुतण्या, माळ्याची पोरगी आणि आमच्या बौद्धवाड्यातला भास्कर, गुडघ्याला गुडघा लावून. साहेबाला तेवढंच दिसलं. शिकवणं त्यानं अजून पाहिलंही नव्हतं.

थोड्या वेळानं मी त्याला बोलले. का बोलले ते सांगते.

मी डोणगावकडची. लहानपणी माझे कान वाहायचे. माय तेल गरम करून घालायची, शेजारीण म्हणायची लसूण घाल. त्यात उजवा कान गेला. डाव्यात अर्धंमुर्धं उरलं. शाळेत आमची जागा दाराजवळ. तेव्हा आम्ही बौद्ध झालो नव्हतो. झालो असतो तरी जागा तीच राहिली असती. मास्तर लांब फळ्याजवळ, तोंड फळ्याकडे, आणि माझ्या कानात रस्त्यावरच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज.

एकदा शुद्धलेखन होतं. मास्तर बोलला 'वरण'. मी पाटीवर लिहिलं 'मरण'. त्यानं माझी पाटी वर धरली आणि वर्गाला दाखवली. "पाहा बे! साऱ्यायले वरण पाहिजे, इले मरण पाहिजे." पोरं पोट धरून हसली. मी हळूच म्हटलं, मास्तर, मले कमी आयकू येते. तो म्हणाला, "हा कानाचा दोष नाही. रक्ताचा हाये."

मी ते खरं मानलं. वर्षानुवर्षं मानलं. मला वाटायचं, आमच्या डोक्यातच काही कमी असेल.

मग कधीतरी ध्यानात आलं. माय चुलीपुढे बसून माझ्याकडे पाहून बोलायची तेव्हा मला सगळं कळायचं. अख्खं. एक शब्द गळायचा नाही. मास्तर पाठ करून बोलायचा तेव्हा काहीच कळायचं नाही. दोष रक्तात असता तर तो मायपुढेही राहिला असता. मायपुढे आलं की रक्त बदलत नाही ना! मग दोष कुठे होता? मास्तरच्या पाठीत होता. त्या दिवशी माझ्या मनातून तो मास्तर उतरला. पुन्हा चढला नाही.

सातवी झाले. बुलढाण्याला शिक्षिकेचं ट्रेनिंग केलं. तिथेही एकाच साच्याचं पोरगं शिकवायला शिकवत. ज्याला नीट ऐकू येतं, नीट दिसतं, ज्याच्या घरी पुस्तक आहे आणि जे पुस्तकासारखं बोलतं, ते पोरगं. बाकीची पोरं म्हणजे खळ्यातला भुसा. वाऱ्यावर उडाली तरी चालतं.

साखरखेर्ड्याच्या पुढे एका गावात मला नोकरी मिळाली. नवं राज्य होऊन काही वर्षं झाली होती. सभेत पुढारी सांगत, आता शिक्षण साऱ्यांसाठी. आमच्या शाळेत मात्र ते ओळीनं होतं. पुढे पाटलांची पोरं, मग बाकीच्यांची, दाराशी आमची. जसं पाणी उतारानं जातं तसं शिकवणं खाली येता येता आटायचं.

माझ्याकडे दुसरीचा वर्ग. त्यात कमळी होती. बापाची थोडी कोरडवाहू शेती. तापात तिचे दोन्ही कान गेले होते. आधीच्या मास्तरनं तिला 'मुकी' ठरवलं होतं. दुसरा भास्कर. गोष्ट सांगायला लागला तर ऐकत राहावं असा. हिशेब तोंडी चटकन करायचा. पण पुस्तक उघडलं की 'भ' आणि 'म' त्याच्या डोळ्यांपुढे एक व्हायचे, 'घ' आणि 'ध' जागा बदलायचे. तो 'ढ'. मास्तर लोकांना नावं ठेवायला एक अक्षर पुरतं.

मी आधी फळ्यावर लिहायची. मग वळायची. मगच बोलायची. खिडकीसमोर उभी राहायची, म्हणजे उजेड माझ्या तोंडावर पडे आणि कमळीला ओठ दिसत. जे पोरगं बोलेल त्यानं हात वर करायचा, म्हणजे कमळी तिकडे मान वळवी. भास्करसाठी मी राखेत अक्षरं काढून पाहिली. राख फिसकटायची, तो वैतागायचा. मग पुठ्ठ्यावर खळ लावून सुतळीची अक्षरं चिकटवली. डोळे मिटून तो त्यावर बोट फिरवी. एक दिवस बोट थांबवून म्हणाला, "बाई, 'भ'ले वर बी गाठ हाये, 'म'ले खालीच हाये!" डोळ्याला जे जमत नव्हतं ते बोटाला जमलं. आणि नवा धडा मी आधी आमच्या बोलीत सांगायची, मग पुस्तकाच्या. पोरं एका बोलीवरून दुसऱ्या बोलीत चालत यायची, दगडावरून दगडावर पाय देत नाला ओलांडावा तशी.

पण ओळीत बसली की कमळीला दुसऱ्या पोरांची तोंडं दिसत नव्हती. म्हणून मी अर्धगोल केला. खरं सांगते, मी तो जातीसाठी केला नव्हता. कमळीसाठी केला होता. पण अर्धगोलाला मागची बाजू नसते. दाराजवळची जागाच उरली नाही. हे माझ्या आधी गावाच्या ध्यानात आलं.

मोठे गुरुजी आले. "बाई, लोकायचं म्हननं पडलं का पोरं ओळीनं बसवा."

"काऊन?"

"काऊन म्हंजे? रीत हाये."

"कमळीले दिसत नाही ओळीतून."

"एका बहिऱ्या पोरीसाठी गाव नाराज करता का?"

मी अर्धगोल मोडला नाही. मग गुरुजींनी साहेबाला बोलावून आणलं. आधी घरी नेऊन पुरणपोळी घातली. साहेब ढेकर देत शाळेत आला आणि त्यानं ते पंगतीचं वाक्य टाकलं.

"ओळी करा," तो पुढे म्हणाला. "पाठ कसा घेतात ते मी दाखवतो."

गुरुजींनी टाळी वाजवली. कोणत्याच पोराला काही सांगावं लागलं नाही. साऱ्यांना आपापली जुनी जागा पाठ होती. भास्कर उठला आणि सरळ दाराशी जाऊन बसला. माझ्या साऱ्या शिकवण्यापेक्षा त्याला ती जागा जास्त पक्की आठवत होती. कमळी मागच्या भिंतीला टेकली.

साहेबानं खडू घेतला. फळ्यावर लिहिलं, 'आपले राज्य'. आणि फळ्याशी बोलू लागला. फळ्याला त्यानं सांगितलं की हे राज्य सर्वांचे आहे. फळ्याला सांगितलं की इथे सर्व समान आहेत. आवाज गोड, उच्चार स्वच्छ, अक्षर मोत्यासारखं. फळा खूश झाला असेल. मग बोटांवरची धूळ झटकत, खाली पाहत, त्यानं कमळीला विचारलं, "ए मुली, हे राज्य कोणाचे?"

शेजारणीनं कमळीला ढोसलं. ती उभी राहिली. साहेबाच्या तोंडाकडे पाहू लागली. साहेबाचं तोंड खाली.

"बैस. तू रे, दाराजवळचा. वाच हे."

भास्कर उठला. ओठ हलले. आवाज आला नाही. पुढच्या ओळीतली पोरं हसली. मोठे गुरुजीही हसले.

साहेब आता वर्गाकडे वळला. हात मागे बांधले आणि म्हणाला, "एक मुकी, एक ढ. कशाला ठेवलीत ही पोरं? पटावरून नावं कमी करा. हिला शेळ्या राखू द्या, त्याला गुरं. निकाल तरी बरा लागेल."

"मी तं पहिलेच म्हनलं व्हतं साहेब," गुरुजी म्हणाले.

त्या तासात साहेबाचं तोंड पहिल्यांदा पोरांकडे होतं. उजेडात होतं. त्यामुळे एवढं एकच बोलणं कमळीला पूर्ण कळलं. मी पाहिलं. तिची नजर त्याच्या ओठांवरून सुटली आणि जमिनीवर पडली.

मला कुणी ढकललं नाही. मी आपली पुढे झाले.

"साहेब, तुमी फळ्याले शिकोलं. पोरायले नाही."

"काय म्हणालात?"

"फळा पास झाला असन. पोरायले तुमी शिकोलंच नाही, मंग त्यायले नापास कसे करता?"

साहेब लाल झाला. माझं म्हणणं सोडून तो माझ्या बोलीवर घसरला. "आधी शुद्ध बोलायला शिका. शिक्षिका आहात ना?"

मला त्याची बोली येत होती. त्याला माझी येत नव्हती. मी म्हणाले, "शुद्ध सांगते. या दोघांची नावं मी कमी करणार नाही. तुम्हांला करायची असतील तर लेखी हुकूम द्या. त्यात कारणही लिहा. आणि त्याखाली सही करा."

सही म्हटल्यावर कोटातला माणूस जरा लहान झाला. ही माणसं तोंडानं कितीही मारतात. कागदावर मारायला घाबरतात.

मी पोरांकडे वळले. "पोरायहो, गोल करा."

पहिला दाराजवळून भास्कर उठला. मग माळ्याची पोरगी. मग बाकीची. पाटलाचा पुतण्या गुरुजींच्या तोंडाकडे पाहत तिथेच बसून राहिला. बसू दिला. मी खिडकीपुढे गेले, कमळीची नजर वर येईपर्यंत थांबले आणि विचारलं, "हे राज्य कोनाचं?"

ती तिच्या जाड, सपाट आवाजात म्हणाली, "सर्व्यायचं."

साहेबानं ते ऐकलं नाही. तो बाहेर ओट्यावर गुरुजींना विचारत होता की चहा इथेच आहे की घरी. आणि कमळीचं उत्तर खरंही नव्हतं. राज्य सर्व्यायचं नव्हतंच. पण प्रश्न तिच्यापर्यंत पोचला होता. त्या कोटाला एवढंही जमलं नव्हतं.

पुढे काय व्हायचं ते झालं. 'वर्गात शिस्त नाही. शिक्षिकेची भाषा ग्रामीण व वागणूक उद्धट,' असा शेरा आला. मागोमाग बदली. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, पिंपळगाव राजाच्याही पुढे. निघताना कमळीचा बाप एसटीपाशी आला. टोपी हातात घेऊन म्हणाला, "बाई, तुमी गेल्यावर इच्याशी कोन बोलन?" मी खोटा धीर दिला नाही. गाडीत बसले.

महिन्याभरात निरोप आला. ओळी परत लागल्या. भास्कर दाराशी. कमळी शेळ्यांमागे. लेखी हुकूम कुणीच काढला नाही. तिला शाळेत काही कळेनासंच केलं. मग ती आपण होऊन गेली, असं म्हणायला सारे मोकळे.

नव्या शाळेतल्या गुरुजींपर्यंत माझी कीर्ती आधीच पोचली होती. पहिल्याच दिवशी ते पान चघळत म्हणाले, "बाई, आमच्या अथी तुमचं ते गोल-फिल चालनार नाही."

मी म्हणाले, "चालन. नाही चाललं तं आनखी बदली करा. जिल्ह्यात गावं लय हायेत. अन् हरेक गावात दाराशी बसोलेलं पोरगं हाये."

मी वर्गात गेले.

मला तुमची शाबासकी नको. तुमचा शेरा नको, तुमची दयाही नको. पोराचं तोंड न पाहता त्याला मठ्ठ म्हणणाऱ्याला मी गुरुजी म्हणणार नाही. तो कितीही शुद्ध बोलो. पोर शिकलं नाही तर मी आधी शिकवणं तपासीन. पोराचं रक्त तपासणार नाही. आणि यापुढे कुणी माझ्या वर्गातलं एक नाव जरी कमी करायला आलं, तर त्यानं आधी मला शाळेबाहेर काढावं. मी आपल्या पायानं जाणार नाही.