शेव, पापडी आणि पोल्ट्रीवाल्याचा हात

मला कोंबड्या पकडता येतात. ही बढाई नाही, नवापुरात पोल्ट्री चालवणाऱ्या कुणालाही ते यावंच लागतं. पण माझा हात इतरांपेक्षा जरा सरस आहे, असं मी लोकांना सांगत आलोय (दुसरं कुणी सांगत नसल्यामुळे). त्यामुळे सुरतेच्या मेव्हण्यानं माझ्या लेकीला, ईशाला, वाढदिवसाला जर्बिलची जोडी आणून दिली आणि "जिजाजी, भित्री आहेत, हाताची सवय हळूहळू लावावी लागेल" असं बजावलं, तेव्हा मला हसू आलं. शेकडो कोंबड्या ज्याच्या हाताखालून गेल्या, त्याला हे दोन मुठीएवढे जीव काय जड जाणार?

जर्बिल म्हणजे वाळवंटातला उंदीर. शेपटीच्या टोकाला झुपका, काळेभोर डोळे, आणि मागच्या पायांवर उभं राहून दारात कोण आलंय ते बघायची सवय. माझ्या खाद्याच्या गोदामात उंदरांशी बारा महिने तेरा काळ लढाई चालू असते, आणि घरात मी त्यांच्याच पाहुण्यांना सूर्यफुलाच्या बिया सोलून देत होतो! ईशानं त्यांची नावं शेव आणि पापडी ठेवली. कोण कुठली हे फक्त तिलाच कळायचं.

अडचण एकच होती. कुणाचाही हात आत गेला की दोघी भुश्शात गडप व्हायच्या. पिंजरा साफ करता येईना, घरात वास सुटला. मेव्हण्याला हे फोनवर कळलं. रविवारी येतो म्हणाला, तोवर हाताला आल्या नाहीत तर परत घेऊन जाईन, मुक्या जनावरांना असं धाकात ठेवणं बरं नाही. हे ऐकून ईशा जेवणावरून उठली. ताटातली खिचडी तशीच ठेवून पिंजऱ्यासमोर जाऊन बसली. मला ते बघवेना. मी छाती पुढे काढून म्हणालो, "बेटा, तुन्हा बाप पोल्ट्रीवाला शे. दोन दिन दे मले."

पहिल्या दिवशी मी शिस्तीनं सुरुवात केली. आमच्या शेडमध्ये हातपाय औषधानं धुतल्याशिवाय मी सख्ख्या बापालाही पाऊल टाकू देत नाही. तोच नियम इथे. दर वेळी हातावर शेडचं औषध फवारायचं, पिंजऱ्याचं झाकण उघडायचं आणि वरून झप्पकन हात घालायचा. वेग महत्त्वाचा! दोघी माझ्या वेगाच्या दुप्पट वेगानं खाली जायच्या. पापडीनं तर (शेवही असेल) जाता जाता मागच्या पायांनी माझ्या तोंडावर भुस्सा उडवला. बायको, सुरेखा, स्वयंपाकघराच्या दारात तांदूळ निवडत हे सगळं बघत होती आणि काही बोलत नव्हती. ती काही बोलत नसली की माणसानं थांबावं, हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही माझ्या ध्यानात राहत नाही.

दुसऱ्या दिवशी मी ठेवणीतली विद्या बाहेर काढली. कोंबड्या पकडायच्या तर शेडमधले दिवे घालवायचे, हे आमच्या धंद्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. अंधारात कोंबडीला दिसत नाही, ती जागच्या जागी बसून राहते, आपण जाऊन उचलायची. मी भर दुपारी खाद्याची रिकामी पोती आणून खिडक्यांना लावली, दाराच्या फटीत चादर कोंबली, आणि ईशाला सांगितलं की आता बघ, दोघी कशा गपगार बसतात.

अंधारात कोंबडीला दिसत नाही. जर्बिलला कोंबडीपेक्षा पुष्कळ बरं दिसतं. ही माहिती मला झाकण उघडल्यानंतर मिळाली.

काहीतरी मऊ माझ्या मनगटावरून कोपरावर, कोपरावरून खांद्यावर गेलं, आणि दुसरं काहीतरी दाणकन पिंजऱ्याबाहेर पडलं. मी ओरडलो, ईशा ओरडली. मी दिव्याचं बटण शोधताना पंख्याचं दाबलं, त्यानं जमिनीवरचा सगळा भुस्सा खोलीभर उडाला. शेवटी सुरेखानं बाहेरून दार उघडून दिवा लावला, तेव्हा तिचा नवरा पळालेलीला शोधत दिवाणाखाली कमरेपर्यंत शिरलेला होता आणि बाहेर येऊ शकत नव्हता. एक जर्बिल खिडकीच्या पोत्याला लटकून शिवणीतले मक्याचे कण वेचून खात होती. दुसरीचा पत्ता नव्हता. ईशा रडत होती, आणि ते रडणं माझ्यामुळे होतं.

इथून पुढे मी सांगतोय ते दिवाणाखालून पाहिलेलं आहे.

सुरेखाच्या कानाशी फोन होता, खांडबाऱ्याच्या तिच्या बहिणीचा. भाचीला स्थळ आलं होतं, त्याची चर्चा चालू होती. हाताला बाजरीचं पीठ तसंच होतं, भाकऱ्या थापता थापता उठून आली होती. तिनं फोन खांद्याशी दाबला, दार लोटलं, फरशीवर मांडी घातली, चिमूटभर बिया तळहातावर घेतल्या आणि हात जमिनीवर उताणा ठेवून दिला. बस. पुढे त्या हाताकडे तिनं पाहिलंही नाही. "बरं, मंग पोरगा काय करस?" तिनं बहिणीला विचारलं. पोरगा काय करतो, त्याचा भाऊ काय करतो, आई बोलायला कशी आहे, सगळी चौकशी झाली. हात हलला नाही. मुलाच्या आत्याचा विषय निघाला तेव्हा कपाटामागून एक नाक बाहेर आलं. आत्या संपायच्या आत शेव (हे ईशानं नंतर सांगितलं) सुरेखाच्या तळहातावर बसून बी सोलत होती. पोत्यावरची पापडीही उतरून आली. सुरेखानं तसाच हात उचलून अलगद पिंजऱ्यात टेकवला, आणि बहिणीला म्हणाली की स्थळ चांगलं शे, हो म्हण.

मला बायकोचा इतका अभिमान वाटला की मी दिवाणाखाली अडकलोय हे विसरून गेलो. तीही विसरली होती.

मला ओढून काढल्यावर तिनं दोनच वाक्यांत सगळं सांगितलं. "तुमना हातले दवाखानाना वास येस. आणि आपन धरानं नही, त्यास्ले आपला हातवर येऊ देवानं." वरून झेप घालणारा हात म्हणजे त्यांच्या दृष्टीनं घारच, हे मला तेव्हा उमगलं. मग रोज दुपारी ती ईशाला शेजारी घेऊन बसायची. मायलेकींचे दोन हात पिंजऱ्यात उताणे, आणि तोंडानं गावभरच्या गप्पा. एवढी धीराची बाई माझ्या घरात आहे, आणि मी पोल्ट्रीच्या गोष्टी सांगत फिरतो! शनिवारपर्यंत पापडी ईशाच्या बाहीवर चढून खांद्याशी झोपायला लागली.

रविवारी मेव्हणा रिकामा पिंजरा घेऊनच आला. ईशानं श्वास रोखून हात पुढे केला, दोघी आल्या. सुरेखाच्या हातावरही आल्या. मेव्हणा खूश झाला, ईशाचा चेहरा असा फुलला की मला भरून आलं. आणि त्या भरात मी म्हणालो, आता माझ्याकडे द्या.

मी हात साध्या पाण्यानं धुतला होता. परातीतलं थोडं पीठही चोरून लावलं होतं. शेव आली, तिनं माझं बोट हुंगलं, आणि थेट सदऱ्याच्या बाहीत शिरली. बगलेपाशी पोचली तेव्हा मी खुर्चीवर उभा होतो, डोळे मिटलेले, हात आडवे. "हालू नका," सुरेखा शांतपणे म्हणाली, "तुमनापेक्षा ती जास्ती घाबरेल शे." हे खरं नव्हतं. शेव कॉलरमधून बाहेर येऊन माझ्या खांद्यावर आरामात मिशा साफ करत होती.

मेव्हण्यानं आपला रिकामा पिंजरा उचलला, माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि बहिणीला म्हणाला, "ताई, जो हातले नही उना त्याले मी परत लई जास, असं ठरेल व्हतं. मंग जिजाजीलेच लई जाऊ का सुरतले?"

सुरेखानं लगेच नाही म्हटलं असतं, तर मला बरं वाटलं असतं.