हुरड्याचं तिकीट

माझ्या सासूबाईंनी जन्मात कुणाकडून जेवणाचे पैसे घेतलेले नाहीत. हे ठाऊक असूनही त्यांच्याच शेतात मी तिकीट लावून हुरडा ठेवला.

कारण चांगलं होतं. करोनाच्या दुसऱ्या लाटेत मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, दौलताबादजवळच्या आमच्या गावातून जीपमध्ये घालून शहरात आणावं लागलं होतं. गावच्या दवाखान्यात ऑक्सिजनचं मशीन नव्हतं. रस्ताभर मी त्यांचा हात धरून बसले होते आणि मनातून फार घाबरले होते. मामंजी वाचले. शेजारच्या मळ्यातले काका मात्र वाटेतच गेले. हिवाळ्यात तिसरी लाट येणार असं लोक म्हणू लागले, तेव्हा मी ठरवलं की त्याआधी हुरड्याच्या पैशातून दवाखान्याला मशीन आणायचंच.

गर्दी घरात चालणार नव्हती, उघड्यावर चालणार होती. मी (बँकेत नोकरी, त्यामुळे नियोजनाची भारी हौस) ज्वारीच्या कडेला चुन्याची मोठमोठी रिंगणं आखून घेतली. एका रिंगणात एक कुटुंब. तिकिटाचे पैसे पाकिटात घालून, वर नाव लिहून आणायचे. नवरा बांधावर सॅनिटायझर घेऊन उभा. आणि पाकिटं सांभाळायला घरातलं सगळ्यात विश्वासू माणूस, म्हणजे आत्याबाई. (सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते.) ही नेमणूकही माझीच!

आगटी पेटली, कणसं भाजायला लागली आणि आत्याबाईंचं मास्कशी जमेना.

“तोंड झाकून आग्रह कसा करू गं? माणसाला वाटंल, मनातून नाय म्हणतीय.”

“रेषेबाहेरून करा, पण मास्क काढू नका.”

मग त्या दह्याचं भांडं घेऊन रेषेवर उभ्या राहायच्या. पाहुणा ‘नको’ म्हणाला की मास्क हनुवटीवर, “घ्या वो थोडं,” मास्क पुन्हा नाकावर, एक नजर माझ्याकडे, आणि पुढचं रिंगण. शेवटी मामंजींनी पळीला लांब काठी बांधून दिली. आता दही लांबून पडू लागलं. काही ताटात, तर काही शहागंजातले आमचे कापडवाले इक्बालभाई यांच्या नव्या शर्टावर.

“होता अम्मा, घर की बात है,” ते म्हणाले.

निघताना आत्याबाईंनी प्रत्येक बाईसाठी ओटीची पिशवी रेषेवर ठेवली. खण, नारळ, मूठभर ज्वारी. ठेवायची आणि चार पावलं मागं सरकायचं. मला इतकं भरून आलं की मी माइकवर सांगितलं, “आत्याबाईंच्या भेटीला नाही म्हणू नका, पिशवी घरी जाऊन निवांत उघडा!” टाळ्या पडल्या.

दिवस मावळताना मी पाकिटं मागितली. डब्यात तीन होती.

“बाकीची?”

“दिली ज्याची त्याला. वटीत घातली. नावं व्हती वर, म्हणून सोपं गेलं.”

“आणि ही तीन?”

“हे गडी एकटेच आलते. गड्याची कुठं वटी भरत्यात? टोप्या आणल्या की उद्या देऊन येतील तुझे मामंजी.”

“आत्याबाई, मशीन आणायचं होतं नं?”

“आणायचंच हाय. पण त्याच्यासाठी हुरड्याचे पैसे घ्यायचे व्हय? आपण काय हाटेल टाकलंय?”

मी रडायच्या बेताला आले होते. नवऱ्यानं धीर दिला, की सॅनिटायझर बरंच उरलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन सुरू झाले. आमच्या भागात परत केलेलं पाकीट म्हणजे परत केलेला आहेर, आणि एवढ्यावरून लोक वर्षानुवर्षं बोलत नाहीत! इक्बालभाईंचा आवाजच पडला होता. “भाभी, लिफाफा वापस आ गया. हमारेसे कुछ गलती हुई क्या?”

मी त-त-प-प करत होते, तेवढ्यात आत्याबाईंनी फोन ओढून घेतला.

“गलती नाय वो. तुम्ही खायाला आलते, पावणे व्हते. मशीनला द्यायचे तर दवाखान्यात न्या. तिथं आपुन नाय म्हणत नाय.”

हेच त्यांनी सगळ्यांना सांगितलं, आणि लोक खरोखरच दवाखान्यात गेले. कामामुळे हुरड्याला न आलेलेही गेले. तिसरी लाट गावात पोचायच्या आत मशीन येऊन बसलं. मामंजी कितीतरी वेळ त्यावर नुसता हात ठेवून उभे होते, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

नारळ फुटला. दवाखान्यातल्या सिस्टरनी सगळ्यांचे आभार मानले आणि सहज विचारलं, “तुमच्या घरचं पाकीट?”

मामंजींनी खिशातून स्वतःचं आणि आत्याबाईंचं मिळून एक पाकीट काढून दिलं. सिस्टर माझ्याकडे बघू लागल्या. मी नवऱ्याकडे बघितलं. नवरा मशीन निरखू लागला.

“मी आयोजक होते,” मी म्हणाले.

“व्हय,” आत्याबाई म्हणाल्या, “आन् हिनं हुरडाबी फुकटच खाल्ला.”

मी पर्स उघडली. आमच्या हुरड्याचं विकलं गेलेलं एकमेव तिकीट माझं आहे.