हो म्हटल्यावर थांबणारी घोडी

१९५४ साली होळीनंतरच्या पहिल्या सोमवारी माझ्या वडिलांनी कुर्ल्याहून एक घोडी आणि तिच्याबरोबर टांगा विकत घेऊन मुलुंडला आणला. त्याआधी त्यांनी कधी घोडा हाकला नव्हता. आमच्या कोकणातल्या गावात बैल होते, रेडे होते. घोडा फक्त देवळाच्या खांबावर कोरलेला होता.

वडील पंचवीस वर्षं परळच्या एका गिरणीत कापड विणायच्या खात्यात होते. साच्यांच्या आवाजाने त्यांचा डावा कान पूर्ण गेला होता आणि उजवा अर्धा. गिरणी सुटली ती त्यामुळे नाही, दम लागायचा म्हणून. कानाचं घराबाहेर कोणाला माहीत नव्हतं, कारण ऐकू आलं नाही की बाबा "हो" म्हणत. बहुतेक प्रश्नांना हे उत्तर चालतं. टांग्याच्या परवान्याच्या वेळीही साहेबांनी जे जे विचारलं, त्याला बाबांनी हो म्हटलं. परवाना मिळाला, बिल्ला मिळाला. बहिऱ्याला तो मिळाला नसता.

मी तेव्हा एका वर्तमानपत्रात उपसंपादक होतो. दुपारची पाळी असल्यामुळे सकाळी घरी असे. कुर्ल्याला घोडी आणायला मीच बरोबर गेलो होतो. विकणारे म्हातारे टांगेवाले होते. लगाम बाबांच्या हातात देताना ते म्हणाले, "समझदार है. चाबूक की जरूरत नहीं. 'हो' बोलने का, खडी हो जाएगी."

ते बाबांच्या डाव्या बाजूला उभे होते. मी ऐकलं, पण महत्त्व दिलं नाही.

मुलुंडला पहिल्याच दिवशी स्टेशनवरून बसलेल्या गृहस्थांनी काहीतरी विचारलं, बाबा "हो" म्हणाले आणि घोडी आग्रा रोडच्या मधोमध उभी राहिली. मागून ट्रकवाला ओरडला. बाबांनी लगाम हलवला, ती चालू लागली. गृहस्थांनी पुन्हा काही विचारलं, बाबा पुन्हा "हो" म्हणाले, घोडी पुन्हा उभी. आठवडाभर हे चाललं. स्टेशनबाहेरचा शेजारचा टांगेवाला बाबांना म्हणाला, "काय रे, सरकारी नोकरीत होती काय तुझी घोडी? दोन पावलं टाकली की विश्रांती!"

"हो," बाबा म्हणाले.

घोडी आधीच उभी होती, त्यामुळे काही झालं नाही.

कुर्ल्याच्या म्हाताऱ्यांचं बोलणं मला त्यानंतर आठवलं. त्यांची गिऱ्हाइकं हिंदी बोलणारी, ती "हां" म्हणत. घोडीला तिकडे कधी अडचण आली नव्हती. मागच्या बाकावरचे उतारू काय बोलतात याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. टांग्यात ते पाठमोरे बसतात आणि त्यांचा आवाज मागेच जातो. पुढच्या बाकावरून किंवा समोरून आलेला "हो" मात्र ती पाळत असे, कोणाचाही असो.

मी बाबांच्या उजव्या कानाशी जाऊन हे सांगितलं. त्यांनी थोडा विचार केला आणि गावाकडचा "व्हय" पुन्हा धरला. मुंबईला आल्यावर लोक हसू नयेत म्हणून त्यांनी तो सोडला होता. अडचण आईची झाली. टांगा निघताना ती दारातून "अहो" अशी हाक मारी आणि त्यातला हो घोडीला पुरेसा होता.

"मग मी हाक मारूची कशी?" आई म्हणाली. "भर रस्त्यात नाव घेव काय तुमचा?"

शेवटी तिने "ऐकलंत का" म्हणायला सुरुवात केली. ज्यांना ऐकू येत नव्हतं ते काही वळत नसत. पण टांगा वेळेवर निघू लागला.

बाबांनी दुसरी चूक नाल ठोकायच्या वेळी केली. बैलाला पत्री, म्हणजे त्याचा नाल, मारताना दोर लावून आडवं पाडतात. बाबा काथ्याचा दोर आणि दोन शेजारी घेऊन तयार होते. नालबंद आला, त्याने दोराकडे पाहिलं आणि तो खाली बसून हसला.

"चाचा, ये बैल नहीं. पाँव माँगो, देगी."

त्याने घोडीच्या पुढच्या पायावरून वरून खाली हात फिरवला. तिने पाय उचलून त्याच्या मांडीवर ठेवला. बाबांनी दुसऱ्या पायाला तसाच हात लावला. तोही मिळाला. शेजारी दोर घेऊन परत गेले. पुढचे चार दिवस काहीही कारण नसताना बाबा सकाळी गोठ्यात जाऊन चारही पाय मागून घेत होते, हे मी पाहिलं आहे. घोड्याच्या जागेला तबेला म्हणतात. आमच्या घरात शेवटपर्यंत गोठाच म्हणत.

त्यांचा दिवस ठरलेला असे. उठल्यावर आधी खरारा. लोखंडी दात्यांचा खरारा त्यांना आवडत नसे. ते नारळाच्या काथ्याची किशी वापरत, गावी बैलांना वापरतात ती. मानेपासून सुरुवात, मग पाठ, मग पोट. पोटाशी आलं की घोडी खालचा ओठ लोंबता सोडे. मग भिजवलेल्या चण्याची चंदी. ती खात असताना बाबा तिच्या जबड्यावर तळहात ठेवून उभे राहत. मी एकदा कारण विचारलं. घोडी नीट चावते की नाही हे लोकांना आवाजावरून कळतं, त्यांना हातावरून कळत होतं. त्या हाताने त्यांनी एकदा तिची दुखरी दाढ ओळखली. तिला ते "बाय" म्हणत. कोकणात मुलीला म्हणतात तसं.

मागून येणाऱ्या गाड्या त्यांना कशा कळतात, हा प्रश्न मला पावसाळ्यापर्यंत पडला नव्हता. एकदा त्यांच्याशेजारी बसून भांडुपपर्यंत गेलो तेव्हा पाहिलं. ते रस्त्याकडे कमी आणि घोडीच्या कानांकडे जास्त पाहत होते. उजवा कान मागे वळला की ते टांगा डावीकडे घेत आणि थोड्या वेळाने उजवीकडून मोटार पुढे जाई. दोन्ही कान मागे गेले की ट्रक. कोणी शेजारून हाक मारली तर एकच कान त्या बाजूला झुके आणि बाबा तिकडे वळून हसत. स्टेशनवरच्या लोकांना ते तिखट कानाचे वाटत.

"माजे कान तिच्या डोक्यार आसत," बाबा म्हणाले.

दिवाळीनंतरच्या एका बुधवारी आमच्याकडे एक मुनीम आले. काळी टोपी, हातात छत्री आणि नारळ. आग्रा रोडवर लाकडाची वखार असलेल्या एका शेठजींचे ते मुनीम. शेठ घाटकोपरला राहत आणि मुलुंड स्टेशनवरून वखारीपर्यंत नेहमी बाबांच्या टांग्यातून जात. मुनिमांनी नारळ आईच्या हातात दिला आणि ते म्हणाले, "रविवारी सकाळी येतो. घोडी न्यायला."

आईने नारळ तसाच धरून ठेवला. मी बाबांना उजव्या बाजूने सांगितलं. बाबा मुनिमांकडे पाहत राहिले.

"सोमवारी ठरलं ना?" मुनीम म्हणाले. "शेठ तुमच्याशेजारी पुढे बसले होते, मी मागे. शेठ म्हणाले, ही घोडी मला देणार काय? तुम्ही म्हणालात, व्हय. शेठ म्हणाले, रविवारी नेऊ? तुम्ही म्हणालात, व्हय. किंमतही तुम्हांला पसंत पडली."

टांग्यात पुढे बसणारा उतारू हाकणाऱ्याच्या डाव्या बाजूला बसतो.

मुनीम गेल्यावर मी म्हणालो, "बाबा, ऐकू आलं नव्हतं म्हणून सांगून टाका. संपलं."

"आणि बिल्लो?" बाबा म्हणाले.

शेठ रोज स्टेशनवर चार लोकांत उभे राहत. बाबांना ऐकू येत नाही हे तिथे कळलं असतं तर बिल्ला आठवडाभरात गेला असता. आणि घोडी गेली तर दुसरा घोडा आणता आला असता, पण त्याचे कान वाचायला शिकेपर्यंत रस्त्यावर काय झालं असतं ते आम्हां तिघांनाही कळत होतं.

"नाय म्हणा," आई म्हणाली. "पंचवीस वर्सा हो म्हटलास, एकदा नाय म्हणा."

"शब्द दिलंय मी."

"ऐकल्याशिवाय?"

बाबा उठले. ते गोठ्यात गेले. बुधवार ते शनिवार त्यांनी टांगा रोजच्यासारखा हाकला. शनिवारी नालबंदाला बोलावून चारही नाल नवे मारून घेतले. घोडी देताना जुने नाल देऊ नयेत, एवढंच ते म्हणाले.

रविवारी आठच्या सुमाराला शेठ आणि मुनीम आले. घोडी धुऊन जुंपलेली होती. आईने तिच्या कपाळाला कुंकू लावलं आणि ती आत गेली.

"शेठ," बाबा म्हणाले, "नेण्याआधी एकदा स्वतः हाकून बघा. रेल्वेच्या फाटकापर्यंत. मी मागं बसतो."

शेठना हाकायची हौस होती. ते पुढे बसले, त्यांच्या डावीकडे मुनीम. बाबा आणि मी मागे, पाठमोरे. टांगा निघाला.

"चाल चांगली आहे हां," शेठ म्हणाले.

"हो शेठ," मुनीम म्हणाले.

घोडी थांबली. शेठनी लगाम हलवला. ती चालू लागली.

"हात नवा आहे ना, म्हणून."

"हो शेठ, हात नवा."

घोडी थांबली. मागून सायकलवाला आमच्यावर येता येता वाचला आणि काहीतरी बोलून गेला. शेठनी पुन्हा लगाम हलवला. या वेळी दुधाच्या दुकानापर्यंत कोणी बोललं नाही आणि टांगा सरळ गेला.

"बघ, आता कशी चालते! बरोबर हाकतो ना मी?"

"हो शेठ, अगदी!"

घोडी थांबली. दुकानातली माणसं बाहेर आली. शेठ मागे वळून मला म्हणाले, "काय रे, अडेल आहे काय ही?"

मी सांगितलं. हो म्हटलं की ती थांबते, आधीच्या मालकाची शिकवण आहे, आमच्या घरात तो शब्द कोणी वापरत नाही. शेठनी ऐकून घेतलं आणि ते मुनिमांकडे वळले.

"तो मग तू हो बोलू नको ना! सारखा हो शेठ, हो शेठ. बंद कर. आता एकदम गप. समजला?"

त्यांनी लगाम हलवला. घोडीने पाऊल उचललं.

"हो शेठ," मुनीम म्हणाले.

दुधाच्या दुकानातला एकजण मोठ्याने हसला. शेठनी लगाम खाली ठेवला. मग तेही हसले.

"वखारीत वीस वर्षं हा माझ्या बाजूला बसतो," ते मला म्हणाले. "घरी न्यायला-आणायलासुद्धा हाच. आता ह्याला बदलू की घोडीला?"

मुनीम या वेळी काही बोलले नाहीत.

शेठ खाली उतरले. घोडी तुम्हीच ठेवा, असं त्यांनी बाबांना हाताने खूण करून सांगितलं, आणि ते दोघे पायी वखारीकडे गेले. बाबांचा शब्द शेठनी परत केला होता. कानाचा विषय निघाला नव्हता. नारळ मुनिमांनी परत मागितला नाही. आईने तो त्याच दुपारी फोडला. घोडी त्यानंतर आठ वर्षं आमच्याकडे होती.

परत येताना बाबांनी लगाम घेतला आणि मी पुढे त्यांच्याशेजारी बसलो. घोडीचे दोन्ही कान मागे गेले. बाबांनी टांगा कडेला घेतला, एक ट्रक पुढे गेला. रस्ता मोकळा झाल्यावर मी विचारलं, "मुनीम शेजारी बसणार, हे तुम्हांला आधीपासून ठाऊक होतं?"

"हो," बाबा म्हणाले.

घोडी थांबली. खूप महिन्यांनी त्यांच्या तोंडून जुना शब्द आला होता. मी त्यांच्या डाव्या बाजूला बसलो होतो.