टेबलाखालची विद्यार्थिनी

दुपारी तीनला शिकवणी सुरू व्हायची. कुवेतमध्ये दस्मान भागात आमचा फ्लॅट सातव्या मजल्यावर होता. त्या वेळचं ऊन इतकं पांढरं असायचं की पडदे ओढले तरी खोली दुधात बुडाल्यासारखी वाटायची. एसीची घरघर, खडूच्या रंगांचा मेणासारखा वास आणि चार कोरियन मुलं, सगळी पाच-सहा वर्षांची. त्यांचे वडील एका तेलशुद्धीकरण प्रकल्पावर इंजिनिअर होते. इंग्रजी शाळेत घालण्याआधी मुलांना थोडं बोलता यावं, एवढीच आयांची अपेक्षा होती.

खरं तर त्यांना गोरी टीचर हवी होती. ती मिळाली नाही. आठव्या मजल्यावरच्या कोरियन बाईशी माझी लिफ्टमध्ये ओळख झाली होती आणि नाशिकला मी शाळेत शिकवायचे, हे तिला ठाऊक होतं. माझी स्वतःची एबीसीडी पाचवीत सुरू झाली, हे मात्र मी तिला सांगितलं नव्हतं.

तीन मुलं भराभर शिकली. 'फिश'चं 'पिश' व्हायचं. मी ओठावर दात टेकवून दाखवायचे, तर तिघंही ससा झाल्यासारखी दात दाखवून हसायची. चौथी होती वरच्या बाईंची मुलगी. पहिल्या दिवशी ती टेबलाखाली गेली आणि तिथेच राहिली. वाकून पाहिलं की कपाळावरचे सरळ कापलेले केस आणि छातीशी घेतलेले गुडघे दिसायचे. मी चित्रांची कार्डं खाली सरकवायचे. ती सगळी नीट लावून, एकावर एक ठेवून परत द्यायची. बोलायची मात्र एक अक्षर नाही.

चार वाजता तिची आई दारात उभी राहायची. "टीचर, टुडे शी स्पीक?"

"नॉट टुडे," मी म्हणायचे. ती मान किंचित झुकवून मुलीला घेऊन जायची. दार लावल्यावर मला उगीचच चोरट्यासारखं वाटायचं.

माझा मुलगा तेव्हा आठवीत होता. मी मराठीत बोलायचे, तो इंग्रजीत उत्तर द्यायचा, हे आमच्या घरी अंगवळणी पडलं होतं. तो एकदा म्हणाला, "आई, जस्ट टेल हर टू कम आउट."

"येईल रे तिला वाटेल तेव्हा."

असे दोन महिने गेले.

मग एका दिवशी धूळ आली. सकाळपासून आकाश तांबूस होत गेलं, शाळा सोडून दिल्या. तिघांच्या आयांनी येत नसल्याचं कळवलं. वरची मुलगी मात्र ठरल्या वेळी आली. तिला एक जिना तेवढा उतरायचा होता. आई तिला सोडून गेली. ती आत आली, टेबलाकडे पाहिलं आणि त्याच्या पलीकडून सरळ खिडकीपाशी गेली. काचेला कपाळ टेकवून उभी राहिली.

बाहेर काहीच नव्हतं. रस्ता नाही, मशिदीचा मिनार नाही, समुद्र नाही. नुसता कडक चहासारखा उजेड. खोलीतल्या भिंती, माझे हात, तिचे गाल, सगळं त्याच रंगाचं झालं होतं. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. तो शहराबाहेर राई नावाच्या भागातल्या गोदामात अडकला होता, पुढची गाडीही दिसत नाही म्हणाला. फोन ठेवला तेव्हा जिभेवर मराठीच होती.

"अगंबाई, समुद्र कुठे गेला गं?"

तिने वर पाहिलं. माझी चूक माझ्या लक्षात आली. मी इंग्रजीत तेच विचारणार, तोच ती हळूच म्हणाली, "बादा ऑप्सॉ."

"हो ना. दिसतच नाही."

मग ती बोलतच सुटली. तीन बोटं दाखवली, हवेत मोठं वर्तुळ काढलं आणि स्वतःच हसली. मी तिला आमच्या गोदावरीबद्दल सांगितलं, उन्हाळ्यात पाणी ओसरलं की घाटाखालचे दगड कसे उघडे पडतात ते. तिने डोळे मोठे करून ऐकलं आणि मग दगडांबद्दलच असावं असं काहीतरी विचारलं. मीही उत्तर दिलं. दोघी गालिच्यावर बसलो होतो. किती वेळ गेला कळलं नाही. खिडकीबाहेर सगळं जग पुसलं गेलं होतं आणि आम्हा दोघींना एकमेकींचं सगळं समजत होतं, असं मला आजही वाटतं.

चारला बेल वाजली. "टीचर, टुडे शी स्पीक?"

"येस," मी म्हटलं. "बट नॉट इंग्लिश. आय ऑल्सो नॉट इंग्लिश." शिकवणी बहुतेक गेलीच, असं वाटत होतं.

बाईंनी मुलीला काहीतरी विचारलं. मुलीने ऐटीत उत्तर दिलं. बाईंनी तोंडावर हात धरला आणि इतक्या हसल्या की त्यांना चौकटीला टेकावं लागलं.

"टीचर, शी से, टीचर्स इंग्लिश व्हेरी ईझी!"

बादा ऑप्सॉ म्हणजे समुद्र नाहीये, हेही त्यांनीच सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून ती खुर्चीत बसली. कोणती भाषा कुठली, हे तिला मी सावकाश समजावलं. आधी इंग्रजी, मग शेवटची दहा मिनिटं खिडकीपाशी जी येईल ती. "टीचर, गं, लुक!" असं मात्र ती बरेच दिवस म्हणत राहिली. मीही ते दुरुस्त करायला जरा उशीरच केला. शाळेच्या मुलाखतीत तिने स्वतःचं वय, आवडता रंग आणि कासवाबद्दल चार वाक्यं सांगितली. तिला प्रवेश मिळाला.

ती जेमतेम वर्षभर त्या शाळेत गेली. प्रकल्प संपला आणि ते कुटुंब परत निघालं. निघायच्या दिवशी दुपारी मी खाली गेले. इमारतीचा रखवालदार, हारिस म्हणायचे तिथे, बॅगा गाडीत चढवत होता. मुलगी वडिलांच्या खांद्यावर गाढ झोपली होती, तोंड थोडं उघडं, केस घामाने चिकटलेले.

"वेक?" वडिलांनी विचारलं.

"नो, नो. राहू दे," मी म्हटलं.

बाईंनी माझे दोन्ही हात हातात घेतले. गाडीत बसवतानाही मुलगी उठली नाही. मी तिच्या कपाळावरचे केस बाजूला केले आणि दार हलकेच लावलं.