दारातली पांढरी पूड

दोन हजार एकच्या दिवाळीत आमच्या दारात लक्ष्मी आली ती अग्निशमन दलाला घेऊनच.

आम्ही तेव्हा अमेरिकेत, क्युपर्टिनोत भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहायचो, दुसऱ्या मजल्यावर. दारं बाहेरच्या मोकळ्या पॅसेजमध्ये उघडायची. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, आणि मी त्याच्या व्हिसाला शेपटासारखी जोडलेली, म्हणजे मला नोकरी करायची परवानगी नाही. वसुबारसेच्या सकाळी तो ऑफिसला गेल्यावर मी दारापुढची जागा झाडली, पुसली, आणि जिन्यापासून उंबऱ्यापर्यंत लक्ष्मीची पावलं काढली. रांगोळी आईनं सांगलीहून बॅगेत घालून दिलेली. मग आत जाऊन चकल्या तळायला घेतल्या.

त्या दिवसांत पोस्टाच्या पाकिटांतून विषारी पांढरी पूड येत होती आणि माणसं मरत होती. टीव्हीवर दिवसभर तेच. कॉफीत घालायची दुधाची पावडर टेबलावर सांडली तरी लोक ऑफिसं रिकामी करत होते. हे मला माहीत नव्हतं असं अजिबात नाही, मी रोज ते बघत होते. पण माझ्या डोक्यात रांगोळी ही पूड नव्हतीच. रांगोळी ही रांगोळी होती. ती बघून कुणी पोलिसांना फोन करेल हे मला सुचलंच नाही.

दुसरा घाणा कढईत होता तेव्हा बाहेरून कुणीतरी ओरडून सांगितलं की दार उघडू नका. खिडकीचा पडदा सारला तर खाली दोन बंब, पिवळी फीत लावलेली, आणि पॅसेजमध्ये नखशिखांत प्लास्टिकचे झगे घातलेली तीन माणसं. मी गॅस बंद केला आणि खिडकी सरकवली. म्हटलं, अहो, हा आमचा सण आहे, ही दगडाची भुकटी आहे, मीच घातली आहे. पटावं म्हणून चिमूटभर रांगोळी तळहातावर घेऊन हात बाहेर काढला. तो सहा फुटी माणूस, तोंडावर मुखवटा, हातात दुहेरी मोजे, दोन पावलं मागे सरकला. मला हसू आलं आणि पुढच्याच क्षणी रडू. माझ्या हाताला आजवर कुणी घाबरलं नव्हतं.

तीन तास मी आत होते. त्यांनी लक्ष्मीची पावलं खरवडून पिशवीत भरली, पिशवीवर चिठ्ठी लावली आणि तपासायला नेली. उरलेलं कसल्याशा पाण्यानं धुऊन काढलं. संध्याकाळी निरोप आला की काही धोका नाही. नवरा सोफ्यावर मटकन बसला आणि म्हणाला, "थँक गॉड, निगेटिव्ह आली." मी म्हटलं, "कोण? लक्ष्मी?" त्याला ते आवडलं नाही.

त्याचंही खरं होतं. त्याच्या टीममधली निम्मी माणसं त्या वर्षी घरी बसली होती. नोकरी गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की बॅगा भरायच्या. सप्टेंबरातल्या हल्ल्यापासून त्यानं गाडीच्या काचेला अमेरिकेचा झेंडा लावला होता आणि रोज गाडी सुरू करण्याआधी रामरक्षा म्हणायला लागला होता. नागपूरच्या घरी आईनं दहादा सांगूनही ज्यानं ती कधी म्हटली नाही, तो माणूस. "यार, उद्यापासून नको काढूस," तो म्हणाला. "हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण आहे. देव आपल्या घरात आहे ना? मग बस."

मी फारशी देवभोळी नाही. उपास विसरते, आरती अर्धीच येते. पण मी देवाला घाबरत नाही, म्हणून आमचं बरं चालतं. नवऱ्याची रामरक्षा ऐकताना मला वाटायचं, हा रामाशी बोलत नाहीये, हा मॅनेजरशी बोलतोय. आणि घरातला देव चालतो पण दारातला नको, हा हिशेब मला काही केल्या पटेना.

दुसऱ्या दिवशी अपार्टमेंटच्या ऑफिसातून पत्र आलं. सामायिक जागेत कोणतीही भुकटी किंवा पदार्थ टाकू नये. मी तशीच चप्पल घालून खाली गेले. मॅनेजर बाई चांगल्या होत्या, नेहमी हसून बोलायच्या, पण त्या दिवशी माझ्याकडे न बघता पत्राकडेच बघत होत्या. म्हणाल्या, मला काही अडचण नाही, वरून सांगितलंय. मी विचारलं, वरून म्हणजे कुणी? कंपनीनं. कंपनीला कुणी? बहुतेक अग्निशमन दलानं. मी म्हटलं, मग त्यांना विचारा की. त्यांनी खरंच फोन लावला आणि पलीकडचं बोलणं मला ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला. पलीकडून वैतागलेला आवाज आला. दगडाची भुकटी आहे हे तुम्हाला माहीत आहे, आम्हालाही माहीत आहे, आम्ही कशावरही बंदी घातलेली नाही, मग फोन कशाला केलात? बाईंचा चेहरा पडला. म्हणाल्या, "खडू वापरला तर? मुलं खाली खडूनं चित्रं काढतातच की."

खडू चालला असता. कुणालाच हरकत नव्हती, नवराही खूश झाला असता. पण रांगोळी चिमटीतून सोडायची असते, ती वाऱ्यानं उडते, पायानं विस्कटते, उद्या परत काढावी लागते. आणि ते सगळं बाजूला ठेवलं तरी खरं कारण वेगळंच होतं. त्या माणसानं माझ्या हाताला घाबरून पाऊल मागे घेतलं होतं, आणि तो हात मला आता खिशात घालायचा नव्हता. एवढं इंग्रजी मला येत नव्हतं. मी म्हटलं, "नरकचतुर्दशीला, म्हणजे उद्या सकाळी सात वाजता मी रांगोळी काढणार. तुम्ही बघायला या. ज्यांना सांगायचं त्यांना सांगा." त्यांनी ते एका कागदावर लिहून घेतलं.

ही बातमी संध्याकाळपर्यंत गावातल्या मराठी मंडळींत पसरली, आणि डॉक्टरकाकांचा फोन आला. काका निवृत्त डॉक्टर, तीस वर्षांपासून इथं. आमच्यासारख्या नव्यांना पहिलं जेवण त्यांच्याकडे, पहिला सल्ला त्यांचा. त्यांचा शब्द मोडायची कुणाची टाप नव्हती.

"बेटा, धिस इज नॉट द टाइम," ते म्हणाले. "झाकली मूठ सव्वा लाखाची. मी सगळ्यांना सांगितलंय, या वर्षी दारात पणत्या नाहीत, रांगोळी नाही, पार्किंगमध्ये घोळका करून मराठीत बोलायचं नाही. तुझ्या एकटीमुळे उद्या सगळ्यांवर बालंट येईल."

"काका, पोलिसांना फोन कुणी केला तेही आपल्याला ठाऊक नाही. दोन दिवस मी प्रत्येक शेजाऱ्याकडे संशयानं बघतेय. ते मला घाबरतात, मी त्यांना. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो हाच."

"तू लहान आहेस अजून. कंट्री इज इन केऑस. लोक डोक्यानं विचार करत नाहीयेत."

"म्हणून आपणही नाही करायचा?"

मला थांबता आलं असतं. पण मी आधीपासूनच तोंडाळ, त्यात दोन दिवस साठलेलं होतं. मी म्हटलं, "या वर्षी नको म्हणता. मग गेल्या वर्षी तुमच्या दारात होती का? त्याच्या आदल्या वर्षी?"

उत्तर दिलं ते काकूंनी. त्यांच्या घरी दोन फोन होते आणि काकू इतका वेळ स्वयंपाकघरातल्या फोनवर ऐकत होत्या, हे मला माहीतच नव्हतं, आणि बहुतेक काकांनाही नसावं.

"तीस वर्षांत एकदाही नाही," काकू म्हणाल्या. "पहिल्या दिवाळीला मी रांगोळी घेऊन निघाले होते दाराकडे. हे म्हणाले, यंदा नको, आपण नवीन आहोत, लोकांना विचित्र वाटेल. पुढच्या वर्षी काढू."

मग एक फोन ठेवल्याचा आवाज आला. कुणी ठेवला ते कळलं नाही.

मी सुन्न झाले. मला वाटत होतं की ही भीती सप्टेंबरात जन्मली. पांढऱ्या पुडीमुळे, टीव्हीमुळे, त्या कोसळलेल्या इमारतींमुळे. तिचं वय तीस वर्षं होतं. मला काकांचा राग आला, आणि नवऱ्याचा जास्त, कारण मला त्याच्यातले तीस वर्षांनंतरचे काका दिसले. ते मी त्याला तोंडावर सांगितलं. तो न जेवता झोपायला गेला.

नरकचतुर्दशीला मी आंघोळ करून सातला दार उघडलं. मॅनेजर बाई आल्या नाहीत. नवरा आत रामरक्षा म्हणत होता, नेहमीपेक्षा मोठ्यानं. मी ठिपके मांडायला वाकले तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. काकू होत्या, नऊवारीत, वर स्वेटर आणि पायात बूट. त्यांनी बूट काढले, माझ्या हातातला डबा घेतला आणि गुडघे धरत धरत फरशीवर बसल्या. चिमटीतून पहिली रेघ सुटली ती दोरखंडासारखी जाड. त्यांनी ती हातानं पुसली आणि परत काढली. तीही जाडच आली.

"गेलं गं सगळं हातातून," त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

खाली पार्किंगमध्ये काका गाडीत बसले होते, इंजिन चालू ठेवून. त्यांनी एकदा वर पाहिलं, आजूबाजूच्या खिडक्यांकडे पाहिलं, आणि हॉर्न वाजवला. मग पुन्हा वाजवला. एका खिडकीचा पडदा हलला.

"काकू, काका बोलावताहेत."

"वाजवू देत," काकू म्हणाल्या. "तू आणखी रांगोळी आण. ही पुरायची नाही."