संत्रा बर्फीची मेल

चार वर्षांत आम्ही किती मेल्स पाठवल्या, असं कोणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. कोणती कंपनी, कोणत्या सणाची ऑफर, सगळं डोक्यातून साफ! पण त्या ऑफिसात कोण कधी काय बोललं, ते मात्र जसंच्या तसं आठवतं. आता मी बेंगळुरूत अकराव्या मजल्यावर बसते. चहा मशीनमधून येतो. शेजारच्या टेबलवरच्या माणसाचं नाव मला अजून नीट घेता येत नाही. मग दुपारी कधीतरी एक किस्सा आठवतो, त्याला धरून दुसरा येतो, आणि मी एकटीच हसत बसते.

ऑफिस म्हणजे नागपुरात, धरमपेठेत एका चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. माणसं चार. भोयर सर मालक. शलाका मजकूर लिहायची. उमरेडचा प्रफुल्ल सर्व्हर बघायचा. आणि मी यादी सांभाळायची, म्हणजे कोणाला मेल पाठवायची, कोणाची परत आली, कोणाची स्पॅममध्ये जाऊन पडली, ते बघणं माझं काम. मेल पाठवणं सोपं असतं हो. इनबॉक्सात पोचणं अवघड!

भोयर सर सकाळी आल्या आल्या विचारायचे, "काल किती मेली गेल्या?"

शलाका चिडायची. "सर, मेल्स म्हणा. मेली ती गेलीच, पोचली कुठं!"

*

मला बघायला अमरावतीचे पाहुणे आले होते. मुलाच्या काकांनी बाबांना विचारलं, "पोरगी काय करते?"

बाबांना माझं काम कधीच नीट समजलं नव्हतं. ते म्हणाले, "लोकांच्या मेल पोचवते."

काका एकदम सरसावून बसले. "म्हणजे पोस्टात! सेंट्रल गव्हर्नमेंट!"

बाबांनी आईकडे बघितलं. मीच म्हटलं, "नाही काका, प्रायव्हेट आहे." पाहुण्यांनी पोहे संपवले आणि उठले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात सांगितलं, तर भोयर सर डोक्याला हात लावून म्हणाले, "काहून सांगतलं वं! लग्न झाल्यावर सांगायचं होतं ना!"

*

एखाद्यानं आमच्या मेलवर 'स्पॅम' दाबलं, की आम्हाला कळायचं. असं फार जण करू लागले, तर पुढच्या सगळ्याच मेल्स कचऱ्यात जाणार, म्हणून सरांना त्या बटणाची फार धास्ती. एकदा लक्षात आलं की एकच कोणीतरी दर आठवड्याला न चुकता स्पॅम दाबत आहे.

"कोण हाय हा? काहून आपल्या मागं लागून राहिला? काढ गा त्याचं नाव!"

प्रफुल्लनं शोधलं. स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे. "सर, जाऊ द्या ना."

"नाव सांग!"

"सर... वहिनी हायेत."

सरांनी तिथूनच घरी फोन लावला. वहिनींचा आवाज आम्हाला तिघांनाही ऐकू आला. "घरी दिवसभर तुमचंच ऐकते, ते पुरत नाही का? मोबाइलमध्येही तुम्हीच?"

*

बर्डीच्या बाजारातले एक मिठाईवाले शेठ आमचे सगळ्यात मोठे गिऱ्हाईक. त्यांची संत्रा बर्फी. नागपूर सोडून गेलेली माणसं ती मागवायची, म्हणून त्यांची यादी देशभर आणि देशाबाहेरही पसरलेली. लोक वेबसाइटवर फॉर्म भरायचे आणि नाव मेलमध्ये आपोआप यायचं.

एका पठ्ठ्यानं नावाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'काहून पाहिजे', म्हणजे कशाला हवंय. दिवाळीला त्याला मेल गेली: "प्रिय काहून पाहिजे, यंदा खास तुमच्यासाठी..."

मला वाटलं, आता शिव्या येणार. त्याचं उत्तर आलं: "बायको रोज हेच म्हणते. पण आधी 'प्रिय' लावून कधी नाही म्हटलं. दोन डबे पाठवा."

*

मग शेठनं बर्फीसाठी नवीन वेबसाइट काढली, म्हणजे मेलचा पत्ताही नवीन. नव्या पत्त्यावर मेल कंपन्यांचा भरवसा नसतो. आधी थोड्याच लोकांना पाठवायचं. त्यांनी ती उघडली, उत्तरं दिली, की भरवसा वाढत जातो. सरांनी फर्मान काढलं, "आपापले नातेवाईक आणा! आली मेल की उत्तर द्या म्हणावं, काही पण लिहा!"

प्रफुल्लनं त्याच्या बाबांचा पत्ता दिला. बाबा कोळसा खाणीतून रिटायर झालेले. बापलेकांचं कशावरून तरी बिनसलं होतं. उमरेड एसटीनं तासा-दीड तासावर, पण प्रफुल्ल सहा महिने घरी गेला नव्हता. फोन आईचाच यायचा, तोही दोन मिनिटं. मेलला उत्तर द्यायचा निरोपसुद्धा त्यानं आईकडूनच दिला.

बाबांनी काम मनावर घेतलं. प्रत्येक मेलला उत्तर, आणि तेही पत्रासारखं. उत्तरं माझ्याकडे यायची.

"महोदय, सा. न. वि. वि. आपली मेल मिळाली. बर्फीचा फोटो पाहिला. रंग चांगला आहे. इकडे सर्व ठीक. तुरीला फुलं आली आहेत."

पुढच्या आठवड्यात: "महोदय, आपली मेल मिळाली. वीस टक्के सूट कळली. गल्लीतल्या नळाला पाणी एक दिवसाआड येतं."

ही मी मोठ्यानं वाचून दाखवायची आणि सगळे हसायचे. प्रफुल्लही मान खाली घालून हसायचा.

चौथं पत्र मी मोठ्यानं वाचलं नाही. स्क्रीनच त्याच्याकडे वळवली.

"महोदय, आपली मेल मिळाली. आपल्याकडे श्री. प्रफुल्ल काम करतात. त्यांना कळवावे, की त्यांच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन गुरुवारी ठरलं आहे. आई त्यांना सांगू नका म्हणते. मी त्यांना सांगितलेलं नाही. आपणास कळवत आहे."

प्रफुल्लनं ते दोनदा वाचलं. बॅग उचलली आणि एसटी स्टँडवर गेला. सरांनी सुट्टीचा अर्जही मागितला नाही.

सोमवारी बाबांची मेल आली. "महोदय, आपल्या योजनेचा आम्हाला लाभ झाला. मुलगा चार दिवस राहून गेला. बर्फीही आणली होती. कृपया मेल पाठवत राहावे."

*

इनबॉक्सात पोचूनही मेल्स उघडल्या जाईनात, तेव्हा शलाकानं एक प्रकार सुरू केला. बर्फीच्या आधी तीन ओळी नागपूरच्या. "अंबाझरीकडचा रस्ता पुन्हा खोदला आहे. कूलरला नवीन वाळा लागला. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारलं की अजूनही तसाच वाफारा येतो."

शेठ वैतागले. "मॅडम, बर्फीचं सांगा ना! रस्त्याचं काय सांगून राहिले?"

पण उत्तरं यायला लागली. हैदराबादहून एकीनं विचारलं, वाळा कोणत्या दुकानातला. एका बाईनं लिहिलं, की जाहिरातींच्या कप्प्यातून तुमची मेल मी ओढून वर आणली, आता आईच्या मेलखाली तीच असते. त्यासाठी प्रफुल्लनं सहा महिने डोकं फोडलं होतं! आणि दुबईहून एक गृहस्थ: "रस्ता खोदलेलाच आहे, हे वाचून फार बरं वाटलं. म्हणजे मी आलो तर घर सापडेल."

*

मग शलाका बहिणीच्या बाळंतपणासाठी पंधरा दिवस चंद्रपूरला गेली. सर म्हणाले, "मी लिहितो. त्यात काय हाय!"

त्यांनी लिहिलं: "त्वरा करा!!! आजच!!! एकावर एक फुकट!!!" सगळी मेल थेट स्पॅममध्ये.

दोन दिवसांत विचारणा सुरू झाली. "या आठवड्याची मेल आली नाही, सगळं ठीक ना?" "लिहिणारी मुलगी बरी आहे ना?" आमच्या धंद्यात मेल आली म्हणून लोक ओरडतात. नाही आली म्हणून काळजी केलेली आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. सर इतके खूश झाले, की कोणी विचारलं नसतानाही चष्म्याच्या दुकानात जाऊन सांगून आले.

तेवढ्यात स्पॅममधून सरांची मेल शोधून काढलेल्या एका आजोबांचं उत्तर आलं: "आपल्या नावानं कोणी भामटा मेल पाठवत आहे. कृपया सावध राहावे."

ती मेल सरांना कोणी दाखवायची, यावर आम्ही दिवसभर चिठ्ठ्या टाकल्या!

*

आणि उज्ज्वलाताई. आम्ही त्यांना कधी बघितलं नाही. यादीत फक्त नाव होतं आणि गाव कॅनडातलं. कोण मेल किती वेळा उघडतं, ते आम्हाला दिसायचं. शलाकाची प्रत्येक मेल त्या उघडायच्या, आणि एकदा नाही, आठ-आठ, दहा-दहा वेळा. अडीच वर्षांत बर्फीचा एक डबा मागवला नाही.

प्रफुल्ल म्हणाला, "हे मशीन हाय. माणूस एवढी बर्फी वाचत नाही."

शेठ म्हणाले, "घेत नाही तर ठेवता कशाले? काढून टाका."

शलाका अडून बसली. "त्या वाचतात. राहू द्या." कधी लिहिता लिहिता अडली की मला विचारायची, "उज्ज्वलाताईंना हे कळेल का गं? त्या असताना हा पूल होता का?" आम्हाला कुठून माहीत असणार! पण मग ती पुलाच्या आधी तिथं काय होतं, तेही एका शब्दात लिहायची.

यादीतून कोणी नाव काढलं, की भोयर सर घरातलं कोणी रुसून गेल्यासारखे बसायचे. जाणाऱ्याला आम्ही कारण विचारायचो. खाली तीन पर्याय: फार मेल्स येतात, उपयोग नाही, इतर. 'इतर'पुढे थोडी रिकामी जागा. ती कोणी भरत नसे.

एका सोमवारी मी यादी उघडली, तर उज्ज्वलाताईंनी नाव काढलं होतं.

शलाकाला सांगायचं माझ्या जिवावर आलं. तिनं ऐकलं, खुर्ची सरकवली आणि माझ्या शेजारी येऊन बसली. प्रफुल्ल मागे उभा. सरही आतल्या खोलीतून आले. "काय झालं? आपलं काही चुकलं का?"

मी कारण उघडलं. त्यांनी 'इतर'वर खूण केली होती, आणि पुढच्या जागेत लिहिलं होतं:

"वापस आली मी. आता सगळं खिडकीतूनच दिसते."