कर्नलचा बाप

चहाचा कप आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा ऐकताना एकाच्या नाकात चहा गेला, आणि दोष आला माझ्यावर. आता काय केलं मी, ते ऐकाच!

आमच्याकडे कर्नल नावाचा कुत्रा आहे. पाय आखूड, शेपटी जिलेबीसारखी, एक कान उभा आणि दुसरा पडलेला. त्याला माझ्या मोठ्या भावानं, दादानं आणलं. दादा बालाघाट स्टेशनवर ऑटो चालवायचा. "अर्धा जर्मन शेफर्ड आहे हा! याचा बाप साहेबाच्या बंगल्यात राह्यते," असं तो छातीठोक सांगायचा, आणि स्टेशनसमोरच्या टपरीवर लोक हसायचे.

या उन्हाळ्यात दादा गेला. छातीत दुखतंय म्हणाला, आणि दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत सगळं संपलं. अजूनही ऑटोचा आवाज आला की कर्नल उठून दारात जातो. मीही जातो. खोटं कशाला बोलू?

तर एक दिवस टपरीवाले गजभियेकाका कर्नलकडे बघून म्हणाले, "काय रे निल्या, तुहा जर्मन बिस्कुट खाते का चिकन?"

सगळे हसले. माझं डोकंच फिरलं! दादा नाही, तरी त्याला खोटारडा ठरवता?

"डीएनए करतो याचा!" मी ओरडलो. "रिपोर्ट इथंच चिकटवीन, तुमच्या टपरीवर!"

कुत्र्याचा डीएनए तपासून मिळतो, हे मी मोबाईलवर पाहिलं होतं. मागवलंच. डबी आली, कागद सगळा इंग्रजीत. माझी शाळा आठवीतच सुटलेली. पण चित्रं होती. कुत्र्याच्या गालाच्या आतून काडी फिरवायची, बस. आणि डबीत काड्या किती? दोन!

आता तुम्हीच सांगा. बाप कोण हे शोधायचं, तर एक काडी पोराची आणि एक बापाचीच ना? टीव्हीवरच्या मालिकेत तसंच तर करतात! कंपनीनं किती विचार करून दोन दिल्या म्हणून मला कौतुकच वाटलं.

कर्नलनं त्याच्या काडीचा चावून चोथा केला. उरली बापाची. बंगल्यातल्या साहेबांचा जर्मन म्हणजे वासरूच! संध्याकाळी नोकर त्याला फिरवायला आणतो, तेव्हा मी बिस्किटाचा पुडा घेऊन गाठलं. कुत्र्यानं तोंड उघडलं की काडी आत!

"अबे, क्या कर रहा है?" नोकर खेकसला.

"भैया, जांच है. डीएनए है ना, उसकी."

"कुत्ते को डीएनए हो गया क्या?" म्हणत तो साखळी सोडून दोन हात लांब जाऊन उभा राहिला. माझं मनगट त्या जबड्यात. पण दादाच्या शब्दासाठी बोटं गेली असती तरी चाललं असतं!

दोन्ही काड्या डबीत घालून कंपनीला पाठवल्या. रिपोर्ट मोबाईलवर आला. जर्मन शेफर्डचं हे मोठं चित्र, आणि बाजूचा गोल अख्खा एकाच रंगाचा. दादा बिचारा अर्धाच म्हणत होता. निघाला पूर्ण!

मी पेढे घेतले, कागद छापला आणि टपरीवर चिकटवला. काकांनी चष्मा लावला.

"पूर्ण जर्मन? म्हंजे याची माय बी जर्मन? अन् हे पाय असे काहून?"

"असते एखाद्याची तब्येत!"

"काडी तं बराबर घातली होती ना तोंडात?"

"हौ तं! एक याच्या, अन् एक याच्या बापाच्या."

काकांनी उकळत्या चहाचा गंज स्टोव्हवरून खाली उतरवला.

"कंपनीले फोन लाव," काका हळूच म्हणाले.

लावला, तोही स्पीकरवर. बाईनं हिंदीत गोड आवाजात समजावलं. दोन्ही काड्या एकाच कुत्र्यासाठी असतात, एक बिघडली तर दुसरी. तुमची एक चावलेली निघाली, म्हणून चांगली तपासली.

साहेबांचा जर्मन हा जर्मनच आहे, हे मी सिद्ध केलं होतं! लोक बाकड्यावरून खाली पडले हो हसून.

घरी आलो आणि वहिनीसमोर रडलोच. "दादाचं नाव घालवलं मी." सगळं सांगितलं. तिनं पदर तोंडाला लावला. वाटलं, हिलाही रडवलं. पण खांदे हलत होते ते हसण्यानं! दादा गेल्यापासून ती पहिल्यांदा हसत होती.

"भाऊजी, कर्नल तं रेल्वे फाटकाजवळच्या नालीत सापडला. तुम्ही म्हणून राह्यले होते ना, गावठी कुत्रा आणला तं मी जेवणार नाही? म्हणून ह्यायनं त्याले जर्मन केला."

"अन् टपरीवाले?"

"त्यायले सगळं मालूम! ह्यायनंच सांगून ठेवलं होतं, आमच्या निल्याले खरं वाटते, कोणी बोलू नका म्हणून."

म्हणजे हसत होते ते दादाला नाही, मला! अख्ख्या बालाघाटात ती थाप खरी मानणारा मी एकटा. दादा जाऊनही मला येडं बनवून राहिला आहे, आणि मी त्याचे पेढे वाटून आलो!